आवाज तीन महिने बसलाय, दुर्बिणीत व्होकल कॉर्डवर (स्वरतंतूंवर) गाठी दिसल्यात. ऑपरेशन करावं की थेरपी?

चौथीचा वर्ग
११ डिसेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी सिंहगड रोडच्या बाजूला एका शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ५४ मुलं, खिडकीखाली रस्ता, १६ वर्षं झाली. आवाज बसणं मला नवीन नाही, दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास बसतो, गुळण्या केल्या आणि दोन दिवस कमी बोललं की येतो परत. पण यंदा गणपतीत सोसायटीतल्या मुलांचं नाटक बसवत होते, बाहेर पथकं वाजतायत आणि मी त्यांच्यावरून ओरडतेय, तेव्हा जो बसला तो आजतागायत. सकाळी बरा असतो, तिसऱ्या तासाला घोगरा होतो आणि डबा खाऊन झाला की नुसती हवा येते. शेवटच्या बाकावरच्या मुलांना हजेरीतलं त्यांचं नाव ऐकू जात नाही म्हणून पुढची मुलगी माझ्या वतीने नावं पुकारते. घरी मी कुजबुजतच बोलते, म्हटलं तेवढाच आराम.

दोनदा अँटिबायोटिक झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, शेवटी मागच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझी जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढली, चकचकीत नळी तोंडात घातली आणि म्हणाले "ई म्हणा". समोर स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या, श्वास घेतला की उघडतात, ई म्हटलं की मिटतात, आणि दोन्हींच्या कडेला अगदी समोरासमोर भिजलेल्या साबुदाण्याच्या कणीएवढा एकेक उंचवटा. १६ वर्षं ज्याच्यावर पोट भरतेय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

रिपोर्टमध्ये लिहिलंय दोन्ही बाजूंना नोड्यूल्स (म्हणजे गाठी) आणि मसल टेन्शन (स्नायूंचा ताण). डॉक्टर म्हणतात आठ आठवडे व्हॉइस थेरपी करा, ऑपरेशनचं नंतर बघू. जाऊबाई म्हणतात थेरपी म्हणजे टाइमपास, काढून टाक आणि मोकळी हो. कोणाला अनुभव आहे का? शाळेतून एवढी रजा मिळणार नाही आणि खरं सांगायचं तर भीती वाटतेय, आवाजच गेला तर मी करू काय?

शनिवारपेठी
११ डिसेंबर, रात्री १०.५५

ताई काळजी करू नका. आमच्याकडे ज्येष्ठमध आणि खडीसाखर तोंडात धरतात, सोबत कोमट पाणी. आईचा आवाज नेहमी यानेच सुटतो.

सुरेल
१२ डिसेंबर, सकाळी ७.१०

फॉलो करतेय. मी गाणं शिकते, मलाही वरचे सूर लावताना हवा ऐकू येते.

वाचा_उपचार_पुणे
१२ डिसेंबर, दुपारी २.३०

ताई, मी पुण्यातच स्पीच थेरपिस्ट आहे, १९ वर्षं झाली, आणि आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत शिक्षिका खूप असतात. दुपारची सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, नोड्यूल्स म्हणजे कॅन्सर नाही आणि तो शब्द डोक्यातून काढून टाका. ते घट्टे आहेत. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसेच. बोलताना बाईमाणसाच्या व्होकल कॉर्ड सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषांच्या १०० ते १३० वेळा. म्हणजे दिवसभरात मिळून तासभर जरी खरा आवाज निघाला तरी सात लाखांच्या वर टाळ्या झाल्या. आणि त्या सगळ्यात जोरात कुठे आपटतात, तर पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, बरोबर तिथेच तुमच्या साबुदाण्याच्या कण्या आहेत. आता सांगा, घट्टा कापून टाकला आणि दुसऱ्या दिवशी कुदळ तशीच धरली तर काय होणार? परत येणार. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते अगदी बरोबर सांगितलंय. थेरपी नीट करूनही गाठी राहिल्या, कडक झाल्या असतील, तर ऑपरेशन आहेच, पण ते दुसऱ्या नंबरला.

दुसरी गोष्ट मसल टेन्शनची, कारण लोक रिपोर्टमधला हा शब्द वाचतात आणि सोडून देतात, आणि खरी गोम तिथेच असते. कॉर्ड म्हटलं की आपल्याला सतारीची तार डोळ्यांसमोर येते. तशी तार वगैरे काही नाही, त्या दोन घड्या आहेत, आत स्नायू आणि वर ओलसर मऊ आवरण. फुप्फुसातून येणारी हवा ते आवरण थरथरवते. स्नायू काय करतात, तर घड्या जवळ आणतात, ताणतात, सैल सोडतात आणि उघडतात. जवळ आणणारे स्नायू बरेच आहेत, उघडणारी जोडी मात्र एकच, मागच्या बाजूला. तिचं नाव पोस्टीरिअर क्रायकोअॅरिटिनॉइड, नाव लक्षात ठेवू नका, पण दर श्वासाला तीच दार उघडते. स्वरयंत्राचं मूळ काम बोलणं नाहीच मुळी, अन्नपाणी श्वासनळीत जाऊ नये म्हणून ते दार आहे. जड हंडा उचलताना तोंडातून "हं" निघतं ना, ते दार घट्ट लावल्याचं लक्षण.

एक करून बघा आत्ता. गळ्यावर बोट ठेवा, कंठमण्याच्या खाली सरकवा, एक बारीक खाच लागेल आणि तिच्याखाली कडक कडं. बोट खाचेत ठेवून खालचा सा लावा, मग हळूहळू वरच्या सा पर्यंत जा. खाच मिटत जाते. तिथला स्नायू पुढचं कूर्चेचं पान आणि खालचं कडं जवळ आणतो, त्याने आत कॉर्ड लांब आणि पातळ होते आणि सूर चढतो. एवढंसं काम आहे, त्याला ताकद लागत नाही. पण गाठींमुळे कॉर्ड मधे नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, मग आपण काय करतो, जोर लावतो. मान ताठ होते, खांदे वर जातात, कॉर्डच्या वरच्या ज्या खोट्या कॉर्ड असतात त्याही आवळल्या जातात, आणि जोर लावला की टाळी आणखी जोरात बसते आणि गाठ वाढते. हे चक्र तोडायचं म्हणजे थेरपी. तुमची मान आणि जबडा दिवसअखेर दुखतो का? हो असं उत्तर येणार मला माहितीये.

कुजबुजणं आजपासून बंद. कुजबुजताना बऱ्याच जणींचे तेच वरचे स्नायू उलट जास्त आवळतात. बोलायचं नसेल तर गप्प बसा, बोलायचं असेल तर साध्या हलक्या आवाजात बोला. आणि खाकरणं! खाकरणं म्हणजे दोन कॉर्ड एकमेकींवर घासणं. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा.

@शनिवारपेठी, तुमच्या आईंचा मान ठेवून सांगते, ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं पण आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं, कॉर्डवर पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल. कॉर्डपर्यंत जाते ती श्वासाबरोबरची वाफ, आणि दिवसभर पाणी प्यायल्याने आतून येणारा ओलावा.

चौथीचा वर्ग
१२ डिसेंबर, रात्री ९.४०

मान आणि जबडा दोन्ही दुखतं हो, मी उशी बदलली होती त्यासाठी. खाकरण्याचं वाचून मुलीला मोजायला बसवलं. संध्याकाळी सहा ते नऊ, ३८ वेळा. मला वाटलं असतं चार-पाच. आणि ती खाच सापडली, आम्ही सगळे जेवायच्या आधी गळ्यावर बोट ठेवून सा लावत होतो.

वर्गात मात्र कळत नाही काय करू, ५४ मुलांत हलक्या आवाजात कसं बोलणार?

वाचा_उपचार_पुणे
१३ डिसेंबर, सकाळी ८.०५

कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला माइक, दीड-दोन हजारात मिळतो. टूर गाइड लावतात तसला. लाज वाटते म्हणून अनेक शिक्षिका घेत नाहीत, पण चष्मा लावायची लाज वाटते का आपल्याला? आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, एका फ्रेंच डॉक्टराने शंभरेक वर्षांपूर्वी हे नोंदवलं आणि त्याच्याच नावाने त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. हे ठरवून थांबत नाही, म्हणून आधी वर्ग शांत करायचा आणि मग तोंड उघडायचं. टाळीचा ठेका धरा, मुलं उत्तर देतील.

पुरुषोत्तमवाला
१३ डिसेंबर, रात्री ११.५०

मी कॉलेजात आहे, पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळचा अनुभव लिहितो. दीड महिना रोज रात्री तालमी, पार्किंगमधे, आणि आमचा दिग्दर्शक सारखा म्हणायचा पोटातून काढ पोटातून काढ, पण कसं काढायचं हे कोणालाच येत नव्हतं, मी घशातूनच ओरडत होतो. प्राथमिक फेरीच्या आदल्या रात्री किंचाळायचा सीन करताना एकदम काहीतरी टचकन झालं आणि आवाज बंद. दुसऱ्या दिवशी भरत नाट्य मंदिरात माझं काम दुसऱ्याने केलं, मी विंगेत बसलो होतो. दुर्बिणीत कॉर्डच्या आत रक्त साकळलेलं निघालं. सात दिवस एक शब्द नाही, मोबाइलवर टाइप करून बोलायचो. नशीब की पूर्ण बरं झालं, डॉक्टर म्हणाले तसंच ओरडत राहिला असतास तर पॉलिप (कॉर्डवर मऊ फुगवटा) झाला असता. नाटकवाल्यांनो प्लीज, आवाज एकदम गेला तर त्याच क्षणी थांबा, प्रयोग गेला तरी चालेल.

कर्वेनगरची_आजी
१४ डिसेंबर, दुपारी १२.१५

मी ६३ वर्षांची आहे, मुलगा टाइप करून देतोय. माझं चार वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गाठ मोठी होती. शुद्धीवर आल्यावर मुलाला हाक मारली तर आवाजच नाही, फुसकी हवा. पाणी प्यायलं की ठसका, खोकला पण धड निघेना, एका दमात चार शब्द. मला वाटायचं नळी घातली होती म्हणून घसा दुखावलाय, आणि तिथे कोणी नीट सांगितलं पण नाही, "येईल हळूहळू" म्हणाले. दीड महिन्याने दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं डावी कॉर्ड हलतच नाही, नस दुखावली. उजवी बिचारी मधोमध यायची आणि समोर कोणी नाही.

नस आपली आपण सुधारते का म्हणून आठेक महिने वाट बघितली, तोवर थेरपी. पाणी पिताना हनुवटी खाली घालून प्यायला शिकवलं त्याने ठसका कमी झाला. नाही सुधारली म्हणून मग गळ्यावर बाहेरून छोटी चीर देऊन डाव्या कॉर्डला आतल्या बाजूला ढकलणारा सिलिकॉनचा तुकडा बसवला. आणि तेव्हा मी जागी होते! जागा फक्त बधिर केलेली. डॉक्टर तुकडा सरकवायचे आणि म्हणायचे आजी बोला, मी एक दोन तीन म्हणायची, ते म्हणायचे अजून थोडं, आणि एका क्षणाला माझाच जुना आवाज माझ्या कानावर आला. अकरा म्हणता म्हणता रडायला लागले, सिस्टरनी डोळे पुसले. आता हरिपाठ म्हणते, वरचा सूर जात नाही, चालायचंच.

वाचा_उपचार_पुणे
१४ डिसेंबर, रात्री १०.००

आजी, वाचून भरून आलं. त्या ऑपरेशनला थायरोप्लास्टी म्हणतात, जपानचे डॉक्टर इश्शिकी यांनी १९७४ मध्ये त्याचे प्रकार मांडले.

तुमच्या नसेबद्दल थोडं लिहिते, कारण इथे कोणाच्या ना कोणाच्या घरी थायरॉइडची गाठ असतेच. स्वरयंत्राच्या एक सोडून सगळ्या स्नायूंना चालवणारी नस मेंदूकडून येते ती सरळ गळ्यात थांबत नाही. ती खाली छातीत जाते, डावीकडची तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर येते, थायरॉइडच्या अगदी पाठीमागून. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर कॉर्ड हलतायत ना हे बघून घ्या, मागून घ्या तपासणी. आणि काहीही ऑपरेशन झालेलं नसताना डावी कॉर्ड थांबली तर डॉक्टर छातीचा सीटी का सांगतात ते आता कळेल, वाटेत कुठेही फुप्फुसाची किंवा दुसरी गाठ त्या नसेवर दाब देत असू शकते. घसा बसलाय आणि छातीचा फोटो काय काढता म्हणून भांडू नका.

दोन्ही कॉर्ड थांबल्या तर गंमत उलटी होते, म्हणजे गंमत नव्हेच ती. आवाज जवळजवळ बरा राहतो कारण दोन्ही मधोमध असतात, पण दार उघडत नाही आणि श्वासाला घुर्र आवाज येतो. असा पेशंट सरळ इमर्जन्सीला न्यायचा.

बाप_माणूस
१५ डिसेंबर, रात्री १.३०

झोप येत नाहीये म्हणून लिहितो. माझा मुलगा १७ वर्षांचा. मिशी फुटली, माझ्यापेक्षा उंच झाला, पण आवाज सहावीतला राहिला. फोन उचलला की लोक "ताई" म्हणायचे. क्लासला जाणं बंद केलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगायला मित्राला पुढे करायचा. आणि मी त्याला काय म्हणायचो, "नीट बोल, पुरुषासारखं बोल". रोज म्हणायचो. त्याने बोलणंच बंद केलं.

डॉक्टरांनी बघितलं, स्वरयंत्र पूर्ण मोठ्या माणसाचं होतं, काहीच दोष नाही. याला प्युबरफोनिया म्हणतात म्हणे. आवाज फुटतो तेव्हा मुलांचा सूर साधारण एक सप्तक खाली येतो, पण काही मुलं जुनाच सूर धरून ठेवतात, ताणणारा स्नायू ओढलेला राहतो आणि कंठमणी वर चढलेला. थेरपिस्टनी त्याच्या कंठमण्याला बोटांनी हलकंच खाली दाबून धरलं, म्हणाल्या खोक, आता खोकल्याच्या मागोमाग आ म्हण. आणि जाड आवाज आला. पहिल्याच दिवशी. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. पुढे पाच-सहा वेळा जावं लागलं सवय बसायला, कारण घरात नवीन आवाजात बोलायची त्यालाच लाज वाटायची. पंधरा मिनिटांत सापडला तो आवाज, आणि मी दोन वर्षं त्याला ओरडत होतो. तुमच्या घरात असा मुलगा असेल तर त्याला काही बोलू नका, घेऊन जा.

काउंटर_नं_४
१५ डिसेंबर, दुपारी ४.००

बाप_माणूस, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझी गोष्ट जरा वेगळी आहे. बँकेत आहे. बोलताना शब्द मधेच चिमटल्यासारखा तुटतो, कोणीतरी गळा दाबतंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. हसताना आवाज स्वच्छ, गाणं गुणगुणताना स्वच्छ, फोनवर "हॅलो" म्हटलं की खलास. म्हणून सगळे म्हणायचे हे मनाचं आहे, सहा वर्षं मानसिक ताणाच्या गोळ्या घेतल्या. शेवटी निदान झालं स्पास्मोडिक डिस्फोनिया. मेंदूकडून कॉर्डच्या स्नायूंना चुकीचे संदेश जातात, लिहिताना काहींच्या बोटांना पेटका येतो त्याच जातीचा आजार. गळ्यातून सुईने स्नायूमधे बोटॉक्स (स्नायू सैल करणारं औषध) देतात, सुईच्या टोकावरच स्नायूची वीज मोजतात म्हणजे नेमक्या जागी पडतं. पहिला आठवडा-दीड आठवडा आवाज हवेशीर होतो, पाणी जपून प्यावं लागतं, मग तीन-चार महिने मी माणसासारखा बोलतो. मग परत सुई. पूर्ण बरा होत नाही, पण मागच्या महिन्यात मुलीच्या साखरपुड्यात मी उभा राहून चार वाक्यं बोललो.

धायरीकर
१५ डिसेंबर, रात्री ८.२०

माझे काका रिक्षा चालवायचे, बिडी होती. आवाज आठ महिने घोगरा, सगळे म्हणायचे धूळ आहे, ट्रॅफिक आहे. कॉर्डचाच कॅन्सर निघाला आणि तोवर गळ्यात गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले लवकर आला असतात तर नुसत्या रेडिएशनवर किंवा लेझरवर भागलं असतं, कारण कॉर्डवरचा कॅन्सर आवाज बदलून आधीच सांगत असतो. स्वरयंत्र काढावं लागलं. ताई, तुम्ही तीन महिने थांबलात हे वाचून मला राहवलं नाही. तंबाखू-बिडीवाला असो नसो, तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर दुर्बीण घालून बघा.

वाचा_उपचार_पुणे
१५ डिसेंबर, रात्री ९.०५

धायरीकरांच्या शेवटच्या वाक्याला माझी पूर्ण सही.

सुरेल
१६ डिसेंबर, सकाळी ६.४५

आमच्या गुरुजींना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले जिवंत माणसाच्या कॉर्ड गाताना कशा हलतात हे नीट बघणारा पहिला माणूस गाण्याचाच मास्तर होता, मॅन्युएल गार्सिया. १८५४ मध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांडीचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडलं आणि स्वतःच्याच कॉर्ड बघितल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. १०१ वर्षं जगला. मी पण नंबर लावलाय दुर्बिणीसाठी, त्या हवेच्या सुरांचं काय ते कळू दे.

चौथीचा वर्ग
२० फेब्रुवारी, रात्री ९.१५

मंडळी, सांगायला आलेय. जाऊबाईंना धागा वाचायला दिला आणि ऑपरेशनचा विषय थांबला. नऊ आठवडे थेरपी झाली. सुरुवातीला अवघड वाटलं, ओठांची फुर्रर करत सूर वरखाली न्यायचा, बारीक स्ट्रॉमधून ऊऊ म्हणायचं, स्ट्रॉचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे काढत म्हणायचं. मॅडमनी सांगितलं, तोंडाकडून जरा अडवलं की वरून उलटा दाब येतो आणि कॉर्ड जोरात न आपटता थरथरतात. स्वारगेटच्या बसची वाट बघताना मी फुर्रर करत उभी असते, बघू देत लोकांना.

काल परत दुर्बीण झाली. उजवीकडची कणी गेली, डावीकडे अगदी मोहरीएवढी राहिलीये, डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा, सुरीची गरज नाही. माइक घेतला. पहिल्या दिवशी मुलं हसली, दुसऱ्या दिवशी भांडायला लागली की स्पीकर बंद-चालू कोण करणार. टाळीचा ठेका पण चालतो, मी धा धिन धिन धा वाजवते, ती पुढचं पूर्ण करतात आणि गप्प होतात. हजेरी परत मी घेते.

वाचा_उपचार_पुणे
२० फेब्रुवारी, रात्री ९.५०

किती छान बातमी! स्नेहसंमेलनाच्या तालमी पण माइकवरच घ्या हं. आणि खाकरणं मोजताय का अजून?

चौथीचा वर्ग
२० फेब्रुवारी, रात्री १०.०२

मुलगी मोजते. काल सहा ते नऊ, ४. त्यातलं एक मिरचीच्या फोडणीचं.